चौथं शील

रविवार, ८ जुलै २००१

आज मीनाला पाहिलं. वर्षाच्या वर झालं होतं. वाळली आहे, गळ्याची हाडं दिसतात. "तिसरा सरत आलाय, आई," म्हणाली. मला एकदम कळलंच नाही कसला तिसरा. कळलं तेव्हा तिच्या पोटाकडे बघत राहिले.

ही यांच्या कंपनीची डायरी. दर वर्षी मिळते आणि कोरीच रद्दीत जाते. आज कुणाशी तरी बोलावंसं वाटलं आणि घरात कुणी नाही, म्हणून काढली. एरवी पहाटेपासून कंपनीतल्या एकट्या पोरांचे डबे करण्यात दिवस जातो. रविवारी डब्यांना सुट्टी, आणि यांना नेमकी रविवारी ड्यूटी. यांची सुट्टी शनिवारी.

मीना आमची एकुलती एक. टायपिंगच्या क्लासात तिची आणि किशोरची ओळख झाली. ते नाशिकरोडचे, बौद्ध. आम्ही निफाडकडचे मराठे, लग्न झाल्यापासून सातपूरला. गेल्या वर्षी मे महिन्यात दोघांनी कोर्टात लग्न केलं. त्या संध्याकाळी यांनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली, की त्यांच्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही. मीनानं तर इथं यायचंच नाही.

शपथ मोडली नाही. आम्ही भेटलो ते त्यांच्या वस्तीतल्या विहारात. विहार कुणाचं घर नाही. ही युक्ती मीनाची. शेजारच्या मालनबाईंच्या फोनवर म्हणाली, रविवारी सकाळी ये, वंदनेला बस, मग बोलू.

सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. मला वाटलं, कुणाच्या दहाव्याला आले की काय. मी आपली हिरव्या साडीत भिंतीला टेकून बसले. पुढं बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो. घंटा नाही, आरती नाही, प्रसाद नाही. वंदना झाली, मग डोळे मिटून आपापला श्वास बघायला सांगितलं. मी झोपले. मीनानं कोपरानं ढुसणी दिली तेव्हा जागी झाले.

नंतर किशोरची आई, झुंबरबाई, चहा घेऊन आल्या. मी ॲसिडिटीचं सांगितलं. पाण्याची बाटली घरून नेली होती, तेच प्याले. मीना बघत होती. तिला वाटलं असेल, आईचं पोट बिघडलंय.

यांना सांगितलं, पंचवटीला गंगेवर कथा ऐकायला गेले होते. खोटं फार सहज निघालं.

रविवार, १५ जुलै

पुन्हा गेले. मी जाते ती फक्त मीनासाठी, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. मला देव बदलायचे नाहीत. आहेत त्यांचंच करताना जीव जातो.

दारातच एक म्हातारे "जय भीम" म्हणाले. उलट काय म्हणायचं ते कळेना. "नमस्कार" म्हटलं आणि चप्पल काढायला वाकले. ते वाळूबाबा. मनमाडला रेल्वेत होते, आता मुलाकडे असतात, वंदना तेच घेतात. त्यांनी वंदनेचं छोटं पुस्तक दिलं. "वाचता येतं ना, ताई?" सातवी झालीय म्हटलं. मग सगळ्यांबरोबर ओठ हलवले. पाली भाषा संस्कृतसारखी वाटते, पण जिभेला तेवढी जड नाही.

श्वास बघता बघता आजही डुलकी लागली.

झुंबरबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि मला वगळून पुढं गेल्या. बरं वाटलं. मग बसमध्ये वाटलं, ही काय रीत? विहिणीला नुसतं विचारायला काय जातं?

संध्याकाळी हे म्हणाले, "रविवारची नाशिकरोडची बस लय भरती. पुढं उभी राहत जा, मागं धक्के बसतात."

म्हटलं, मी पंचवटीला जाते.

"तेच ते. कुठलीबी."

रविवार, ५ ऑगस्ट

आज पाच शीलांचा अर्थ सांगायला सुरुवात झाली. पहिलं, जीवहिंसा करणार नाही. मी विचारलं, झुरळांचं काय? डबेवाल्यांचं स्वयंपाकघर, झुरळं होतातच, खडूच्या रेघा ओढाव्या लागतात. बायका हसल्या. वाळूबाबाही हसले. म्हणाले, "आमच्याकडंबी होतात. सांडलवंड ठेवू नका, मोरी कोरडी ठेवा. तेवढं करून तर बघा."

इतक्या पोरांचा स्वयंपाक करून मोरी कोरडी ठेवायची म्हणे. पुरुषांनी कधी मोरी घासली तर कळेल.

तरी आज खडू ओढला नाही. सुरुवात म्हणून.

मीनाला उलट्या होतात. मी केलेली मेथीची भाजी आणि भाकरी नेली होती, विहाराच्या मागच्या पायरीवर बसून तिनं सगळी खाल्ली. तिच्या खाण्याकडे बघून मला इतकं थकल्यासारखं झालं, की तिथंच आडवं व्हावंसं वाटलं.

मंगळवार, २१ ऑगस्ट

उद्या गणपती. मोदकांचं सारण झालं, डबे झाले, भांडी पडली आहेत.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. आठवडा झाला, पहाटे गॅस पेटवायच्या आधी स्वयंपाकघरात पाटावर बसते आणि श्वास बघते. श्वास येतो, जातो. मध्येच कणीक आठवते, मीनाचं लग्न आठवतं, यांनी माझा हात कसा धरला होता ते आठवतं. मन शांत होतं म्हणतात, माझं काही होत नाही. पण तेवढा वेळ मी काही करत नाही. लग्न झाल्यापासून अशी नुसती बसलेली मला आठवत नाही. आजारपणातसुद्धा पडल्या पडल्या लसूण सोलायचे.

काल हे उठून आले. "अंधारात काय करतेस?"

"गुडघ्यांचा व्यायाम."

"बसून?"

"हो."

पुन्हा जाऊन झोपले.

रविवार, ९ सप्टेंबर

आज झुंबरबाईंना विचारलंच. पितृपक्ष चालू आहे, काल यांच्या आई-वडिलांचं पान वाढलं, त्या दगदगीनं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं. मीना आत बायकांशी बोलत होती. आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. झुंबरबाई एका दवाखान्यात आया आहेत, रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या, पायांची बोटं दाबत होत्या.

मी म्हटलं, "सगळ्यांना चहा देता, मला विचारतही नाही. माझं काही चुकलं का?"

त्यांनी मान वर केली नाही. "विचारलं की तुमचं तोंड कसं हुतं ते तुमाला दिसत नाय, वत्सलाताई. मला दिसतं. कडू औषध दिल्यावर पेशंट करतात तसं. माझ्या हातच्या चहाला तसं तोंड केल्यालं मला नाय चालत. म्हणून नाय विचारत."

"मला ॲसिडिटी आहे."

"असंल."

एवढंच. घरी येईपर्यंत मनात त्यांना उत्तरं देत होते. मी कुठं काय म्हणाले? मी कुणाला काही म्हणत नाही. आमच्या घरी कधी कुणाचा अपमान झालेला नाही. निफाडला द्राक्षं खुडायला बायका यायच्या, त्यांना सासूबाई पोटभर जेवायला घालायच्या, ओट्याखाली अंगणात बसवून.

ॲसिडिटी मला खरंच आहे. डॉक्टरची चिठ्ठी आहे.

रविवार, १६ सप्टेंबर

जायचंच नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. चहाची किटली जवळून गेली तेव्हा मी म्हटलं, "मलाही द्या."

झुंबरबाई थांबल्या. "ॲसिडिटी?"

"आहे. तरी द्या."

अर्धा कप दिला. फार गोड होता. पहिला घोट घशाशी अडला. चहामुळं अडला नव्हता, एवढं इथं लिहिते. हे मला माझ्याबद्दल माहीत नव्हतं. दुसरा घोट गेला. कप मीच विसळायला घेतला तर त्यांनी हातातून काढून घेतला. म्हणाल्या, "राहू द्या, पुढच्या रविवारी विसळा. आज दमलाय."

रविवार, ३० सप्टेंबर

चौथ्या शीलाचा अर्थ आज कळला. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

म्हणजे जुलैपासून दर रविवारी मी यांच्याशी खोटं बोलून बस पकडते, आणि तिथं जाऊन खोटं बोलणार नाही असं हात जोडून म्हणते. आज ते समजल्यावर पहिली तीन शीलं म्हटली, चौथ्याला गप्प बसले, पाचवं म्हटलं. वाटलं, एवढ्या आवाजात कुणाला कळणार?

वाळूबाबा नंतर म्हणाले, "ताई, चौथं गाळलं तुम्ही."

मी म्हटलं, "घरी खोटं सांगून येते, बाबा. तोंडानं कसं म्हणू?"

ते वंदनेची पुस्तकं गोळा करू लागले. मग म्हणाले, "ते शिक्षापद हाय. शिकायला घेतल्यालं. आलं म्हणून नाय म्हणायचं, येत नाय म्हणून म्हणायचं. मी तरी कुठं पास झालो? सून विचारती, बाबा गोळी घेतली का, मी घेतली म्हणतो."

मी हसले. पण बसमध्ये हसू गेलं. त्यांची गोळी आणि माझं काय सारखं?

बुधवार, ७ नोव्हेंबर

अंग मोडून आलंय. चकल्या, शेव, शंकरपाळे, आणि पोरांनाही गावी नेण्यासाठी फराळ हवा. मीनाला सातवा. पाय सुजतात तिचे.

यांनी आज डिंक, खारीक आणि हळीव आणले. भलामोठा पुडा. "थंडी पडायला लागली. गुडघे दुखतात ना तुझे."

गुडघ्यांना डिंक बरा, पण हळीव बाळंतिणीला देतात. पुरुषांना काय कळतं, वाण्यानं दिलं ते घेऊन आले. डब्यात भरून फळीवर ठेवलं.

पहाटे बसताना यांचाच विचार येतो हल्ली. आयुष्यात या माणसानं मला कधी खोटं सांगितलेलं नाही. कडू बोलले असतील, खोटं नाही.

शनिवार, २४ नोव्हेंबर

आज सांगितलं.

सुट्टी होती. जेवण झालं, सुपारी कातरत बसले होते. मी पुढ्यात बसून एका दमात म्हटलं, "मी रविवारी कथेला जात नाही. नाशिकरोडला विहारात जाते. मीना भेटते तिथं. तिला आठवा लागलाय. मी वंदनेला बसते, पंचशील म्हणते. त्यांच्या घरी गेले नाही, पण तुमच्याशी खोटं बोलले, ते आता बोलवत नाही."

मला वाटलं होतं, अडकित्ता फेकतील. तसं झालं नाही. खाली ठेवला. मग म्हणाले, "सांगायची काय गरज होती?"

"म्हणजे?"

"चाललं होतं ना? चालू द्यायचं. मी काय म्हणालो होतो का? आता सांगितलंस. आता मला कायतरी करावं लागंल."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" यांनी सुपारीचा डबा मिटला. उठून शर्ट घातला. दारात थांबून म्हणाले, "उद्यापासून जायचं नाय."

"मी जाणार."

"मग माझं जेवण नको करूस."

गेले. यांचं बोलणं मला काही कळलं नाही. खरं सांगितलं तर राग, खोटं बोलले तर चालत होतं, हे कसलं? आपल्या माणसानं खरं बोलावं असं कुणाला वाटत नाही का? तिथं सांगतात, खरं बोललं की मन हलकं होतं. माझं तर जड झालं. गिरणीतून दळण डोक्यावर घेऊन यावं तसं.

गुरुवार, ६ डिसेंबर

हे कॅन्टीनमध्ये जेवतात. रात्री दूध-पोळी, तीही स्वतः घेऊन. बोलत नाहीत. पोरांचे डबे भरताना एक ताट जास्तीचं वाढलं जातं हातून, मग ते दुपारी मी खाते.

पहाटे बसणं सोडलं होतं, परवापासून पुन्हा धरलं. बसणं संपताना मैत्री करायची असते, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं. आधी स्वतःला सुखी होवो म्हणायचं, मग जवळच्यांना, मग ज्याचा राग आलाय त्याला. माझ्या यादीत हे दोन्हीकडे येतात. जवळच्यांत म्हणताना राग येतो आणि रागातल्यांत म्हणताना रडू.

खरं लिहायचं तर मला हे सगळं झेपत नाही. मीना भेटत होती, पुरे होतं. शील वगैरे मध्ये कुठून आलं?

आज विहारात बाबासाहेबांना अभिवादन होतं. गेले नाही, डबे होते. झुंबरबाई तीन तास उभ्या होत्या म्हणे रांग लावायला.

रविवार, २३ डिसेंबर

मीना वंदनेला आली नव्हती. झुंबरबाईंनी मला बाजूला घेतलं. बीपी वाढलंय, डॉक्टरनी पडून राहायला सांगितलंय, एकटीला सोडू नका म्हणाले. किशोर छपाईच्या प्रेसमध्ये कामाला, झुंबरबाई दवाखान्यात. दोघांनी रजा घेऊन झाली.

"मी नसते बोलले," झुंबरबाई म्हणाल्या. "तुमची शपथ मला ठाव हाय. तुम्ही आमच्या घरी आल्या नाय त्याचं मी कधी काय म्हणाले नाय. पन पोरीच्या डोळ्यांपुढं अंधारी येती, वत्सलाताई. याल का?"

त्या बाईला हे बोलणं किती जड गेलं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी तशीच निघाले. बसमध्ये बसले आणि सातपूर कॉलनीच्या स्टॉपच्याही पुढं गेले, कंडक्टरनं उठवलं.

यांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. मोडली की ज्याच्या डोक्याची घेतली त्याच्यावर येतं. असं काही नसतं, वाळूबाबा सांगतात, किशोर सांगतो, आणि मला पटतंही. पण मी बाईमाणूस आहे, हा माझा नवरा आहे, आणि गेल्या महिन्यापासून तो धड जेवत नाही.

शनिवार, २९ डिसेंबर

पोरांना डबे दुसरीकडे लावून दिले. पिशवी भरली. मग यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पेपर वाचत होते.

"उद्या मी मीनाच्या घरी जाते. तिची तब्येत बरी नाही. बाळंतपण होऊन सव्वा महिना होईपर्यंत तिथंच राहीन."

पेपर खाली झाला नाही. "डोक्यावर हात ठेवला होतास."

"मोडते. तुम्हाला सांगून मोडते."

"मला काय झालं म्हंजे?"

म्हटलं, "तसं काही होत नसतं."

"तुला खात्री हाय?"

खोटं बोलायचं नाही म्हणून म्हटलं, "नाही."

तेव्हा पेपर खाली आला. माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे तांबारलेले होते. म्हणाले, "आणि तरी जातेस."

"तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येते."

पुन्हा पेपर वर. मी भाजी निवडायला बसले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात आले, फळीवरचा डिंक-हळिवाचा डबा काढून माझ्या पिशवीशेजारी ठेवला आणि बाहेर गेले. एवढा राग, की माझ्या गुडघ्यांचं औषधही घरात नको झालंय यांना.

रविवार, ३० डिसेंबर

आले. मीनाचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. दाराशी पोचले आणि पाय उचलताना खाली पाहिलं, तर उंबराच नाही. बाहेरची फरशी तशीच सरळ आत जाते. ज्या उंबऱ्यापायी दीड वर्ष गेलं, तो या घराला कुणी बसवलेलाच नाही.

मीनानं पलंगावरून हात पुढं केले. मी तिच्या पायांशी बसले, तशीच, पिशवी खांद्यावर असताना.

शुक्रवार, ११ जानेवारी २००२

मुलगी झाली, बुधवारी. वेळेच्या जरा आधी. बीपी उतरेना म्हणून सिझर केलं. आत नेलं तेव्हा मी आणि झुंबरबाई बाकावर होतो. किशोर जिन्यात उभा होता, त्याला बसवेना. मी श्वास बघायला गेले तर श्वासच सापडेना. इतके महिने शिकले ते सगळं कुठं गेलं कोण जाणे. "खंडोबा, खंडोबा" एवढंच तोंडात येत होतं. शेजारी झुंबरबाई पाली म्हणत होत्या, पण त्यांचंही मधलं चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. मग त्या दमून माझ्या खांद्यावर मान टाकून झोपल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी तोच बघत बसले. आत, बाहेर. आत, बाहेर. रडण्याचा आवाज आला तेव्हा त्यांना उठवलं.

संध्याकाळी मालनबाईंना फोन केला. म्हटलं, यांना सांगा, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आणि हे कसे आहेत?

"चांगलेच हायेत की. काल वाटाणे सोलत बसले व्हते. मला इचारलं, भाताला पाणी किती घालू."

मी तीनदा विचारलं, तोंड कसं दिसतंय, खोकला नाही ना. मालनबाईंना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय.

सोमवार, ११ फेब्रुवारी

काल विहारात नाव ठेवलं. तेजस्विनी. बाळाला मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसले. पांढरी साडी नेसले होते, कुंकू होतं तसंच. घरातून निघायच्या आधी मालनबाईंना फोन करून घेतला होता, एवढं कबूल करते. म्हणाल्या, भाऊ दाढी करतायत. यांना त्या भाऊ म्हणतात.

दर दोन दिवसांनी मी फोन करते आणि हे मालनबाईंच्या दारातच असतात असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. फोनवर येत नाहीत. मालनबाई म्हणतात, "इथंच हायेत, देऊ का?" आणि मग, "नको म्हणतायत."

मीना आता उभी राहते. झुंबरबाईंनी रात्रपाळी बदलून घेतली. मला जायला हवं. किशोर म्हणतो, राहा अजून. पण मला माझी मोरी, माझा ओटा आठवतो. आणि घरात घेतील का, हेही बघायला हवं. नाही घेतलं तर परत येईन. हे इतकं शांतपणे कसं लिहिलं गेलं? शांत नाहीये मी. दमले आहे, बहुतेक तेच.

शनिवार, १६ फेब्रुवारी

घरी आले. मुद्दाम शनिवार धरला. दार उघडंच होतं. हे खुर्चीत बसलेले, पाय खाली सोडून. बारीक झालेत. मी पिशवी ठेवली, पाय धुतले, पाणी प्याले. "ये" नाही, "जा" नाही. स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पिठाचे हात उमटलेले, कुकरची शिट्टी वेगळी काढून ठेवलेली. मोरी मात्र कोरडी.

भाकरीचं पीठ मळायला घेतलं तर दारात येऊन उभे राहिले. मग विचारलं, "कुणावर गेलीय?"

तुमच्यावर, म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. त्या एका शब्दानं सगळं गोड झालं असतं, हे मला दिसत होतं. आपल्यावर गेली म्हटलं तर कुठला आजोबा विरघळणार नाही? आणि महिन्याच्या बाळाचं कोण तपासायला जातंय?

मी म्हटलं, "किशोरवर. रंग, कपाळ, नाक, सगळं त्यांचंच आहे. झुंबरबाईंसारखी हनुवटी. हातांची बोटं तेवढी मीनाची."

यांचा चेहरा पडला. मी बघितलं पडताना. पिठात हात घालून तशीच थांबले. वाटलं, आता वळून जातील, आणि मीही जाईन, आणि हे असंच राहील.

गेले नाहीत. चौकटीला धरून खाली बसले, स्वयंपाकघराच्या जमिनीवर, जिथं हे कधी बसत नाहीत. मग म्हणाले, "मीनाची बोटं माझ्या आईची."

"हो?"

"लांब. आणि करंगळी जराशी वाकडी. आहे का तिची वाकडी?"

मी आठवून पाहिलं. आठवेना. "नीट पाहिलं नाही," म्हटलं.

"बघायला पायजे व्हतं," हे म्हणाले. मग स्वतःचेच दोन्ही हात पुढं धरून बघत बसले. मी तवा ठेवला.